उपवासकाळातल्या शुक्रवारी पंचाहत्तरी आली, इंद्याल शिजवायचं का?

नगरची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण त्यामागचं मला खरंच समजून घ्यायचंय.

माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट. सासर उत्तनचं, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरचे मूळचे कॅथलिक, कोळी. सासूबाईंना येत्या १३ मार्चला पंचाहत्तर पूर्ण होतायत. १३ मार्चला शुक्रवार, तोही उपवासकाळातला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांतला. दीर म्हणतात, पंचाहत्तरी काय दरवर्षी येते? मोठं जेवण घालू, डुकराचं इंद्याल, मैद्याचे तळलेले फुगे, सगळं. नणंद म्हणते, उपवासकाळातल्या शुक्रवारी आपल्या चुलीवर डुक्कर शिजलं तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. नवरा नेहमीप्रमाणे दोघांनाही "बरोबर आहे तुझं" म्हणून मोकळा. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती बाई गप्प. विचारलं तर म्हणाल्या, तुम्हीच काय ते ठरवा.

आता माझी अडचण. माहेरी आमच्याकडे उपवासकाळ असा पाळत नसत. आम्हाला माहीत होती ती उपवास-प्रार्थना. कुणाचं ऑपरेशन असलं, कुणाच्या नोकरीचं अडलं, मंडळीत भांडण लागलं की पाळकसाहेब रविवारी जाहीर करायचे. मग शनिवारी सकाळपासून चर्चमध्ये बसायचं, गुडघे टेकायचे, गीतं म्हणायची, दुपारी चहा-बिस्किटांवर सोडायचा. म्हणजे काहीतरी मागायचं असलं की उपवास. कपाळाला राख लावलेली माणसं मी लग्नानंतरच पाहिली.

इथे सासूबाई उपवासकाळातल्या शुक्रवारी मासळी खात नाहीत. मांस नाही हे समजू शकते, पण मासळीही नाही! माझा अकरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आजी, फादर म्हणाले मासे चालतात." तर म्हणाल्या, "आपल्याकडे मासे रोजचेच, ते खाऊन काय सोडलं मी?" आणि डाळभात घेऊन बसल्या. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. कुठल्या नियमात आहे असंही वाटत नाही.

त्यात यंदा रमजान आणि उपवासकाळ एकाच आठवड्यात सुरू झाले. मी मीरा रोडला नोकरी करते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा रोजा, समोरच्या ताईंची संकष्टी, आणि मी, माझं निम्मं घर कॅथलिक. त्या दोघींनी सहज विचारलं, "तुमच्यात उपवास चाललाय म्हणतेस, आणि दुपारी डबा तर खातेस. मग तुमचा उपवास कसला गं?" हसून वेळ मारून नेली. पण घरी येताना तेच डोक्यात. रोजा समजतो, संकष्टीही समजते. आमचं काय?

नियम शोधले तर सापडतात. मला अर्थ हवाय. आणखी एक: उपवास एवढा मोठा असेल तर येशूला लोक खादाड आणि दारूबाज का म्हणत होते? त्याच्या अर्ध्या गोष्टी तर जेवणावळीच्याच आहेत.

---

गिरीजकर

नियम सरळ आहे. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस नाही. वाढदिवस असो नाहीतर बारसं. विषय संपला.

---

नंदाखालचा_माष्टर

गिरीजकर, विषय तुमचा संपला असेल, ताईंचा आत्ता कुठे सुरू झालाय.

ताई, मी वसईचा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. धर्मशिक्षणाचे वर्ग पुष्कळ वर्षं घेतले, त्यामुळे लांब बोलायची खोड आहे. चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा तुमच्या ऑफिसातल्या बायकांच्या प्रश्नाचं उत्तर. कॅथलिकांत दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण दोन्हीला "उपवास" म्हणून टाकतो. एक म्हणजे कमी खाणं: दिवसात एकदाच पोटभर, बाकी दोन वेळा चिमूटभर. ही सक्ती आता वर्षातून दोनच दिवस आहे, राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस, त्या दिवशी कपाळाला राख लावतात) आणि गुड फ्रायडे. १८ पूर्ण झालेल्यांपासून ५९ पूर्ण होईपर्यंत. दुसरी म्हणजे मांस वर्ज्य करणं, उपवासकाळातल्या शुक्रवारी, आणि ती १४ पूर्ण झाल्यापासून आयुष्यभर. हा आजचा कायदा १९८३ सालच्या धर्मसंहितेतला, पण त्याची मांडणी पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये केली. त्याआधी नियम बरेच कडक होते. तेव्हा तुम्ही दुपारी डबा खाल्लात तर कुणाचं काही मोडलं नाही.

पण तुम्ही अर्थ विचारलाय. तो मला कायद्यातून कधी कळला नाही, भुकेतून कळला.

माझं पहिलं कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर पहिल्यांदा घेणं, १९५६ सालचं. तेव्हा कम्युनियन घ्यायचं असेल तर आदल्या मध्यरात्रीपासून पोटात अन्नाचा कण जाता कामा नये असा दंडक होता. त्याआधी पाणीसुद्धा चालत नसे. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याची मुभा दिली, म्हणून आम्ही नशीबवान. पुढे १९५७ मध्ये मध्यरात्र जाऊन तीन तास झाले आणि १९६४ मध्ये एक तास. आज पोरं चर्चच्या पायरीपर्यंत वडापाव खात येतात, आणि अंतर नीट धरलं तर मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, कम्युनियनपर्यंत एक तास होतोही! असो. तर आम्ही सात-आठ वर्षांची पोरं, पांढरे कपडे, पोटात कावळे. मिस्सा लॅटिनमध्ये, प्रवचन लांब. पुढे बसलेला एकजण घेरी येऊन बाकाखाली गेला. मग ते पापुद्र्याएवढं भाकरीचं चकतं जिभेवर आलं. आणि मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात बन आणि चहा. तो बन मी अजून विसरलेलो नाही. इतका गोड बन पुन्हा कुठल्या बेकरीत मिळाला नाही.

आता बघा, त्या भुकेचं टोक कुठे होतं? जेवणात. आम्ही भुकेले राहिलो ते अन्न वाईट म्हणून नव्हे. शरीर वाईट, त्याला शिक्षा द्या, म्हणूनही नव्हे. पुढे जे ताट येणार होतं ते रोजच्या ताटासारखं नाही एवढं पोटाला कळावं म्हणून. ख्रिस्ती उपवास हा नेहमी कशाच्या तरी आदल्या रात्रीचा असतो. पुढचा दिवस काढून टाकला तर मागे उरतं ते डाएट.

तुमच्या खादाडपणाच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे शिष्य येशूकडे येऊन विचारतात, आम्ही उपास करतो, परूशी (नियमांना काटेकोर यहुदी) करतात, तुझी माणसं का करत नाहीत? तो म्हणतो, नवरा मांडवात असताना वऱ्हाडी उपाशी बसतात का? दिवस येतील, नवरा त्यांच्यातून नेला जाईल, तेव्हा करतील. एवढ्या दोन ओळींत सगळं आहे. तो जवळ होता तेव्हा पंगत, आणि तो नेला गेला त्या दिवसाची आठवण म्हणून उपास. म्हणूनच शुक्रवार. पहिल्या काळातले ख्रिस्ती बुधवार-शुक्रवार उपास करत, त्याची नोंद 'दिदाखे' नावाच्या फार जुन्या पुस्तिकेत आहे. आणि गुड फ्रायडेला काय होतं आठवा. त्या दिवशी मिस्साच होत नाही. वेदीवरचं कापडही काढून ठेवलेलं असतं. आदल्या दिवशीचं राखलेलं कम्युनियन वाटतात, बस. आपण उपाशी असतो आणि चर्चचं टेबलही उघडं असतं.

आता दुसरी बाजू, जी लोक सांगतच नाहीत. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत बोटं मोजा. ४६ भरतात. मग चाळीस कसे? मधले सहा रविवार वजा. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, तो उपासात मोजायचाच नाही. आणि हे आपल्या सोयीसाठी कुणी काल काढलेलं नाही. ३२५ सालच्या निकिया परिषदेने रविवारी गुडघेसुद्धा टेकू नका, उभं राहून प्रार्थना करा, असं ठरवलं. त्याच शतकात गंग्रा इथे भरलेल्या परिषदेने तर, जो कुणी वैराग्याच्या नावाखाली रविवारी उपास करील त्याला चर्चबाहेर काढा, असा नियम केला. ऐकलंत? उपास मोडला म्हणून नाही, उपास केला म्हणून बहिष्कार! तिथे काही मंडळी फार सोवळी झाली होती. लग्न नको, मांस नको, प्रीतिभोजनाच्या पंगतीला बसायला नको. चर्च म्हणालं, देवाने जे चांगलं म्हणून दिलं त्याला विटाळ म्हणणारा तू कोण?

आणि उपवासकाळ चाळीस दिवसांचा, पण ईस्टरचा सण किती दिवसांचा? ५०, पेंटेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत. सण उपवासापेक्षा दहा दिवसांनी मोठा. आमच्याकडे मात्र काय होतं? चाळीस दिवस "मी अमुक सोडलंय" म्हणून गावभर सांगायचं, ईस्टरच्या रविवारी दुपारी तडस लागेपर्यंत जेवायचं आणि सोमवारी सगळं विसरून कामाला. पन्नास दिवस आनंद करायचा असतो हे किती घरांत माहीत आहे? मला तर वाटतं आपल्याला उपवास कसाबसा जमतो, सण जमत नाही.

मग सण म्हणजे काय, नुसतं खाणं? तसं असतं तर प्रेषित पौल आपल्या पत्रात करिंथकरांवर, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांवर, एवढा उखडला नसता. तिथे प्रभुभोजनाला लोक जमत, ज्यांच्याकडे आहे ते आधीच खाऊन-पिऊन तर्र होत, आणि कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशीच परत जात. पौल म्हणतो, हे प्रभूचं भोजन नव्हेच, खायला-प्यायला तुम्हाला घरं नाहीत काय? म्हणजे पंगतही बाटते. पदार्थाने नाही बाटत, कोण बाहेर राहिलं त्याने बाटते.

उपासाचंही तेच. बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाचा ५८वा अध्याय वाचा. लोक तक्रार करतात, देवा, आम्ही उपास केला आणि तू पाहिलंही नाहीस. देव म्हणतो, उपासाच्या दिवशीच तुम्ही मजुरांना पिळता. मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. दुसऱ्या शतकात अरिस्तिदेस नावाच्या अथेन्सच्या तत्त्वज्ञाने रोमन बादशहाला ख्रिस्ती लोक कसे असतात हे कळवलं, त्यात लिहिलंय की त्यांच्यात कुणी गरीब असला आणि यांच्याकडे द्यायला जास्तीचं अन्न नसलं, तर हे दोन-तीन दिवस उपाशी राहून त्याला पुरवतात. मला हे सगळ्यांत आवडतं. कारण यात सोडलेला घास कुठे गेला त्याचा पत्ता आहे. माझ्या वर्गात पोरं सांगायची, सर, मी चॉकलेट सोडलं. मी विचारायचो, मग त्या चॉकलेटचं काय झालं? पैसे कुणाला दिले? बहुतेकांचं उत्तर, सर, ईस्टरला एकदम खाणार.

म्हणूनच तुमच्या सासूबाईंना सलाम. मासे चालतात हा नियम खरा आहे. पण शुक्रवारी हजार रुपयांचं पापलेट तळून "आज आमचा मांसत्याग" म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते आपल्यालाही लागू पडतं बरं का. कोळ्याच्या घरात मासे खाऊन काय सोडलं, हा त्यांचा प्रश्न मला दहा प्रवचनांना भारी वाटतो.

आता पंचाहत्तरी. कॅलेंडर काढा. १३ तारखेचा शुक्रवार सोडा आणि १५ तारखेचा रविवार धरा. एक तर रविवार, म्हणजे उपासाच्या मोजणीत नाहीच. त्यात तो उपवासकाळातला चौथा रविवार, आनंदाचा रविवार. त्या दिवशी फादर जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालू शकतात, वेदीवर फुलं ठेवता येतात, वाद्यं वाजवता येतात. अर्ध्या वाटेवर चर्चच म्हणतं, जरा श्वास घ्या, ईस्टर दिसायला लागलाय. यापेक्षा चांगला मुहूर्त तुमच्या दिरांना मिळणार नाही. इंद्याल करा, फुगे करा, बेंजो लावा.

फक्त एक. लूकच्या शुभवर्तमानात, १४व्या अध्यायात, येशू म्हणतो, जेवण घालशील तेव्हा मित्र, भाऊ, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नको, ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव. आता नातेवाइकांना टाळून पंचाहत्तरी करा असं मी म्हणत नाही, नणंदबाई माझं घर शोधत येतील. पण यादीत परत बोलावू न शकणारी चार नावं घाला.

---

पिंपरीतला_मल्याळी

माष्टर, मस्त. माझं कुटुंब केरळचं सिरीयन ख्रिस्ती, पण माझा जन्म पिंपरीचा, त्यामुळे मराठी माफ करा.

आमच्याकडे गोष्ट थोडी वेगळी. पहिलं म्हणजे राखेचा बुधवार आमच्या जुन्या परंपरेत नव्हताच. सोमवारपासून सुरुवात, आणि "अंबदु नोंबु" म्हणजे पन्नासचा उपास. आजी मांस, मासे, अंडी, दूध, सगळं सोडायची. पन्नास दिवस काळा चहा. त्याच्या आदल्या रविवारला पेतुर्ता म्हणतात, त्या दिवशी घरात असलेलं मांस संपवून भांडी घासून ठेवायची.

पण मला सांगायचं ते दुसरंच. आमच्यात काही उपास हेच सण आहेत. मून्नु नोंबु, म्हणजे तीन दिवसांचा उपास, बायबलातल्या योना संदेष्ट्याच्या आणि निनवे शहराच्या आठवणीचा. निनवेत राजापासून गुरांपर्यंत सगळे उपाशी राहिले ती गोष्ट. कोट्टयम जिल्ह्यात कुरविलंगाड नावाचं गाव आहे, तिथल्या चर्चमध्ये या उपासात लाकडी जहाज खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते. वादळात सापडलेलं योनाचं जहाज. खांदेकरी ते असं हेलकावतात की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गर्दी, बॅंड, दुकानं, आणि दिवस उपासाचा! तसंच मणर्काडला सप्टेंबरच्या १ ते ८ तारखेचा आठ दिवसांचा उपास, मरियेच्या जन्मदिवसापर्यंतचा. शेवटी गुळातला भात, पाचोर, सगळ्यांना वाटतात. रांगेत कोण कुठल्या धर्माचा, कुणी विचारत नाही.

घरातला विधी मला सगळ्यांत प्रिय आहे तो आज्ञा गुरुवारच्या रात्रीचा. पेसहा अप्पम म्हणून बिनखमिराची भाकरी करतात, तांदूळ आणि उडदाची. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पातीचा क्रूस तिच्यावर ठेवून वाफवायची. सोबत नारळाचं दूध आणि गूळ. घरातला सगळ्यात मोठा माणूस प्रार्थना करतो, भाकर मोडतो आणि वयाच्या क्रमाने एकेकाच्या हातावर देतो. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, चर्चमध्ये कडू पाणी, मग कांजी आणि हिरवे मूग. पिंपरीच्या वन-बीएचकेत आम्ही हे सगळं करतो. कंपनीतल्या मित्राने विचारलं, हा सण आहे की सुतक? मला सांगता आलं नाही, आणि खरं सांगू का, सांगावंसंही वाटलं नाही.

---

भिंगारवाला

ताई, मीही नगरचाच, म्हणून आपल्या बाजूने चार शब्द.

आपल्याकडे उपवासकाळ का पाळत नाहीत याला इतिहास आहे. नगरला १८३१ मध्ये जे अमेरिकन मिशन आलं ते बॉस्टनच्या मंडळाचं. त्यांचे पूर्वज प्युरिटन, म्हणजे फार कडवे प्रोटेस्टंट. त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता, तो १६८१ पर्यंत चालला. बायबलात तारीख नाही तर सण नाही, असा हिशेब. पण म्हणून ते उपास करत नव्हते असं नाही. दुष्काळ पडला, साथ आली की सगळ्या वसाहतीचा उपासाचा दिवस जाहीर व्हायचा, आणि पीक चांगलं आलं की उपकारस्मरणाचा दिवस. म्हणजे कॅलेंडरवर ठरलेलं काही नाही, प्रसंग येईल तसं. तुम्ही सांगितलेली आपली उपवास-प्रार्थना मला तरी त्याच वळणाची वाटते.

आणि त्याच्याही आधी, १५२२ मध्ये झ्युरिकला फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी उपवासकाळात कामगारांनी सॉसेज खाल्लं. त्यावरून एवढा गदारोळ झाला की तिथल्या धर्मसुधारणेचं तोंडच त्या सॉसेजने उघडलं. तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली तिथे हजर होता, त्याने स्वतः खाल्लं नाही, पण नंतर अन्नाच्या स्वातंत्र्यावर जोरदार उपदेश केला. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. उपास मनापासून असेल तर करा, नियम म्हणून नको. तुमच्या दिरांना शुक्रवारीच जेवण घालायचं असेल तर आकाश कोसळणार नाही.

सणाबद्दल मात्र माष्टरांशी शंभर टक्के सहमत. आपला हंगामाचा सण आठवा. गावोगावच्या मंडळ्या ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, अंडी घेऊन चर्चमध्ये यायच्या, उपासनेनंतर लिलाव, आणि एका भोपळ्यावर दोन सरपंच इरेला पेटायचे. मग प्रीतिभोजन, सगळ्यांची एक पंगत. ज्या गावांत पाणवठे वेगळे होते त्या गावांत एक पंगत बसणं म्हणजे काय होतं हे आजच्या पोरांना सांगूनही कळणार नाही.

---

शेतां_भाटां

गोव्याहून एक छोटी भर. आमच्याकडे कोरेज्म म्हणजे उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी तीन दिवस इंत्रुज, म्हणजे आजचा तो पर्यटकांचा कार्निव्हल. आणि पोर्तुगीज अमलात "बुला" नावाची एक चीज होती. धर्मकार्याला ठरावीक रक्कम द्यायची, कागद घ्यायचा, की उपासाच्या कित्येक दिवशी मांस खायची सूट. गरिबाला ती रक्कमही जड, म्हणून तो उपास पाळणार, आणि बाटकार, म्हणजे जमीनदार, बुला दाखवून चोरीस खाणार. माष्टरांनी करिंथकरांचं सांगितलं ते वाचून हेच आठवलं.

---

नंदाखालचा_माष्टर

भिंगारवाले, स्वातंत्र्य मान्य. पण ज्या पौलाच्या भरवशावर झ्विंग्लीने सॉसेजची बाजू घेतली त्याच पौलाने रोमकरांना १४व्या अध्यायात लिहिलंय की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, आणि तुझ्या खाण्याने भावाला दुःख होत असेल तर तू प्रीतीने वागत नाहीस. इथे घरात एक म्हातारी शुक्रवारी डाळभात खाऊन बसते. तिच्याच नावाने, तिच्याच समोर, त्याच शुक्रवारी डुकराची पातेली उतरवायची? आकाश कोसळणार नाही हे खरं, पण आकाशाचा इथे संबंधच नाही.

आणि गोंयकार बाब, तुमचं "चोरीस" आमच्या वाचकांना भलतंच वाटेल. गोव्याचं लाल सॉसेज म्हणा.

---

नगरची_लेक

सगळ्यांचे आभार. माष्टरांचं उत्तर जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. दीर "रविवार? आणि बेंजोही चालतो?" म्हणून एकदम खूश. नणंदेने आनंदाच्या रविवारची गोष्ट लगेच चर्चच्या कॅलेंडरवर पडताळून पाहिली, मग पटली. सासूबाई तेवढ्यात पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, त्या चार नावांत बंदरावर जाळी विणायला येणाऱ्या त्या बिहारच्या पोरांना घाला, ती सण आला की खोलीतच बसून असतात. आणि शुक्रवारी केक आणलात तर चालेल, पण मेणबत्ती संध्याकाळी चर्चमधल्या क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेवरून आल्यावर.

ऑफिसातल्या दोघींना मी आता सांगितलं की आमचा उपास कशाच्या तरी आदल्या रात्रीचा असतो. रोजावाल्या बाई म्हणाल्या, म्हणजे चाळीस दिवसांची आदली रात्र! त्या दोघींनाही रविवारचं आमंत्रण दिलंय. एक रोजा सोडून संध्याकाळी येईल, एक दुपारी, म्हणजे दोन पंगती आणि वेगळं शाकाहारीही आलं.

आता शेवटची शंका, आणि ही जाऊबाईंची आहे. इंद्याल व्हिनेगरमध्ये मुरलं पाहिजे, त्याशिवाय चव येत नाही. रविवारी दुपारी वाढायचं तर शुक्रवारी शिजवायला घ्यावं लागेल. शिजवलेलं चालतं का? आणि मीठ कोण बघणार?

---

नंदाखालचा_माष्टर

शिजवायला बंदी कुठे नाही, खायला आहे. मिठाचं म्हणाल तर तुमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे म्हणालात ना? चौदा पूर्ण होईपर्यंत मांसत्यागाचा नियम त्याला लागू नाही. वाटीत एक तुकडा द्या. पण एकच. पोरं मीठ बघता बघता पातेलं रिकामं करतात.

फुग्यांचं मला विचारू नका, ते कुणीतरी मनोरीचं सांगेल.

---

गिरीजकर

मनोरीचा नाही, पण बायको तिथली. पीठ शनिवारी रात्री भिजवून ठेवा. मार्चच्या उकाड्यात फार लवकर भिजवलंत तर आंबट होईल. आणि किती माणसं येतात ते कळवा, तसा मैद्याचा अंदाज सांगते म्हणाली.